अर्धा स्वर खाली

सोमवारच्या तालमीत तो वरचा गंधार इतका सहज लागला, की प्रफुल्ल मढवीला बरं वाटायच्या ऐवजी त्याच्या मनात पाल चुकचुकली. गाण्यातली ती सगळ्यात उंच जागा होती. ‘पलीकडे जो दिवा लागला, तो कुणाच्या दारी गं’ यातल्या ‘दिवा’वर आवाज चढायचा आणि तिथेच ठरायचा. गेले दोन महिने त्या जागेशी त्याची झटापट चालली होती. ती जागा आली की कानाखालची एक शीर ताठायची, टाचा आपोआप उचलल्या जायच्या, आणि स्वर लागला तरी घशाच्या मागच्या बाजूला काहीतरी खरवडून गेल्यासारखं वाटायचं. आज यातलं काहीच झालं नाही. टाचा जमिनीवरच राहिल्या. जिन्याला अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि खाली जमीनच लागावी, तसा तो मनातल्या मनात डगमगला. गाणं संपल्यावर निशा, म्हणजे स्पर्धेसाठीचं हे नाटक लिहिणारी आणि बसवणारीही तीच, लांबूनच म्हणाली, “मस्त, प्रफुल्लदादा, आज एकदम मोकळा आवाज!” कोरसातल्या पोरापोरींनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या जरा लवकर सुरू झाल्या, असं त्याला वाटलं. कीबोर्डवर साईनाथकाका होते. आयुष्यभर ऑर्गन वाजवलेला माणूस, निवृत्तीनंतर या प्लॅस्टिकच्या पेटीवर आला होता. प्रफुल्ल पाणी प्यायच्या निमित्ताने त्यांच्यापाशी गेला. “काका, पट्टी तीच ना? काळी दोन?” साईनाथकाका चष्मा पुसत होते. “तीच हो,” ते म्हणाले. “आज तुमचा गळा तयार आहे, दुसरं काय.” आणि बोलता बोलता त्यांनी कीबोर्डचं बटण बंद केलं. खरं तर अजून दुसरा प्रवेश व्हायचा होता, त्यात तीन पदं होती. मग कशाला बंद केला?

तालमी प्रफुल्लच्याच इमारतीत चालायच्या. मानपाड्याला रस्त्यालगत त्यांची शेती होती, तिथे आता चार मजले उभे होते. तळमजल्यावर हॉल, वर भाडेकरू, आणि सगळ्यात वर तो आणि त्याची बायको रसिका. त्या दिवशी तो वर आला तेव्हा रसिका भाकऱ्या थापत होती. “आज खालून आवाज छान येत होता तुमचा,” ती म्हणाली. “म्हणजे रोज नसतो?” त्याने विचारलं. “अहो, मी कुठे तसं म्हटलं?” तिने तवा उतरवला. तो नुसता तिच्या पाठीकडे बघत राहिला. पाठीवरून काही कळत नाही. पण हिला कुणी सांगून ठेवलं असेल का, की आज त्यांना जरा चांगलं म्हणा? मागल्या आठवड्यात निशा वर येऊन हिच्याशी अर्धा तास बोलत बसली होती. साड्यांचं काहीतरी, असं रसिका म्हणाली होती. असेल साड्यांचं.

बुधवारी त्याने खिशात मोबाईल चालू ठेवूनच गाणं म्हटलं. नंतर गच्चीवर जाऊन, पाण्याच्या टाकीला टेकून, ते रेकॉर्डिंग सूर मोजायच्या अॅपवर लावलं. षड्जावर काटा हलला, डावीकडे गेला, स्थिर झाला. पांढरी दोन. अर्धा स्वर खाली. त्याने पुन्हा लावलं. पुन्हा पांढरी दोन. कीबोर्डला एक बटण असतं. ते दाबलं की बोटं जिथल्या तिथे फिरतात, बघणाऱ्याला सगळं नेहमीसारखंच दिसतं, आणि सूर मात्र खाली येतो. साईनाथकाकांसारखा माणूस, जो एका श्रुतीचा फरक पडला तर जेवणार नाही, तो तोंडावर खोटं बोलला होता. आणि टाळ्या वाजवणाऱ्यांना ते ठाऊक होतं. खाली रस्त्यावर टँकरवाला मागे येत होता, त्याची ती पीं पीं चालली होती. अपमान व्हावा तर असा व्हावा, की ज्याचा झाला त्याला कळूसुद्धा नये.

कारण प्रश्न पट्टीचा नव्हताच. तो बावीस वर्षांपूर्वीचा होता. तेव्हा इमारत नुकतीच उभी राहिली होती, हॉलला फरशी बसली होती, आणि डोंबिवलीच्या या हौशी संस्थेतले दोघे जण जागा बघायला आले होते. प्रफुल्ल तेव्हा जिन्यात गुणगुणत होता. त्यांतला एक थबकला आणि म्हणाला, “अहो, तुम्ही गाता?” त्या तीन शब्दांवर त्याने बावीस वर्षं काढली. पण ते शब्द नीट आठवायला गेलं की दरवेळी त्याआधीचं वाक्यही आठवायचं. त्याआधी तो माणूस म्हणाला होता, “हॉलला खांब नाहीत, हे उत्तम.” बाप, काळुराम, बाजेवर बसून सगळं बघत होता. मिठागरात तीस वर्षं पाय भेगाळून घेतलेला माणूस. ते दोघे गेल्यावर त्याने विडी विझवली आणि विचारलं, “पोरा, ती लोका तुज्या गल्याला बोलवतान, का आपले हालाला?” प्रफुल्ल चिडला होता. तीन दिवस बापाशी बोलला नव्हता. नंतर बाप गेला, आणि प्रश्न तेवढा मागे राहिला. त्या संस्थेत कुणी त्याला कधी कमी लेखलं नव्हतं. नायकाची पदं त्यालाच मिळत आली. त्याच्या बोलण्यातला एखादा ‘न’ ‘ण’च्या जागी आला तर साईनाथकाका हळूच, एकट्यात सांगायचे. सगळं कसं नीट, सभ्य. पण सभ्य माणसाच्या पोटात काय आहे ते कळायला मार्गच नसतो. बापाच्या जातीची माणसं भांडायची, दारात उभं राहून शिव्या द्यायची, दुसऱ्या दिवशी वाटीभर कालवण पाठवायची. इथे सगळे ‘वा’ म्हणायचे. बावीस वर्षांत त्याला कुणी ‘आज वाईट झालं’ असं म्हटलेलं नव्हतं. आता तर आवाज उतरला तरी त्याच्याखालची जमीन तेवढी हलकेच खाली सरकवायची, त्याला पत्ता लागू द्यायचा नाही, असं या मंडळींनी मिळून ठरवलं होतं. हॉल हातचा जायला नको.

मग सगळीकडे खुणा दिसू लागल्या. कोरसात विकी नावाचा तिशीचा पोरगा होता, कापडाच्या दुकानात हिशेब बघायचा, गळा धारदार. तो जिन्यात प्रफुल्लचं पद गुणगुणत होता, आणि प्रफुल्लला बघून गप्प झाला. गप्प का व्हायचं? नायिकेचं काम करणारी कल्पिता आणि साईनाथकाका कोपऱ्यात काही बोलत होते. तो जवळ गेला तसं कल्पिताने दुपट्टा गळ्याभोवती घेतला आणि ती म्हणाली, “या ना, दादा,” अगदी परक्या माणसाला म्हणावं तसं. ती शाळेत शिकवायची, कल्याणहून यायची, सात वर्षं त्याच्यासोबत गात होती. एरवी आल्या आल्या खिदळणारी बाई आठवडाभर खुणांनी आणि माना हलवून कामं भागवत होती. त्याच्याशी बोलणंच नको असल्यासारखी. आणि गुरुवारी तो हॉलच्या मागच्या दाराने येत होता, तेव्हा आतून निशाचा आवाज आला, “नको, नको, प्रफुल्लदादांना यातलं काही कळता कामा नये. निदान स्पर्धेपर्यंत.” तो दारातच थांबला. दाराची चौकट, तिचा रंग, सगळं त्याने स्वतः निवडलं होतं. स्वतःच्या घराच्या दारात चोरासारखं उभं राहावं लागलं. मग तो मुद्दाम चपला वाजवत आत गेला. सगळ्यांचे चेहरे एकाच वेळी हसरे झाले.

ठाण्यात विमा कचेरीत तो टेबलाशी बसून राही, समोर फाइल उघडी, आणि आत ‘दिवा’ची ती एक ओळ फिरत राही. संध्याकाळी स्कूटरवरून परतताना शीळफाट्याला कंटेनरांच्या रांगा लागलेल्या असत. मेट्रोच्या कामाचे पत्रे, धूळ, आणि दोन ट्रकांच्या फटीत तो अडकलेला. हेल्मेटच्या आत तो हळू आवाजात काळी दोनमध्ये गंधार लावून बघायचा. लागायचा. कधी खरवडत, पण लागायचा. मग पट्टी उतरवायची गरज कुणी ठरवली? एकदा तोंडावर विचारून टाकावं, असं दहादा मनात आलं. पण विचारलं की ते म्हणणार, “अहो, तुमच्याच सोयीसाठी.” ते शब्द ऐकून घेण्याची त्याची तयारी नव्हती. त्यापेक्षा गाऊनच दाखवावं. शीळफाट्याच्या त्या धुळीत, शुक्रवारी संध्याकाळी, त्याचं ठरलं. आणि ठरल्यावर त्याला फार दिवसांनी भूक लागली.

रविवारी सकाळी रंगीत तालीम होती. वेशभूषा, दिवे, सगळं खऱ्या प्रयोगासारखं, आणि बघायला पन्नासएक माणसं बोलावलेली. जुने नट, शेजारपाजारचे, कल्पिताच्या शाळेतल्या दोन बाया. रसिका पुढच्या रांगेत बसली होती. नाटक खाडीकाठच्या दोन गावांचं होतं. इकडचा नावाडी, तिकडची विधवा, आणि मधे पाणी. दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला अंधार, त्यात कीबोर्डचा एक लांब सूर, आणि त्या सुरावर नावाड्याचा आलाप, असं बसवलेलं होतं. प्रफुल्ल विंगेत उभा होता. कानात लहानसा इअरफोन, त्यात तानपुरा, काळी दोन. दिवे गेले. साईनाथकाकांचा हात कीबोर्डवर पडायच्या आत त्याने इअरफोन खिशात टाकला आणि नुसत्या अंधारात आलाप सोडला. पहिला षड्ज लागताच त्याला कळलं, आज गळा चांगला आहे. कीबोर्ड दोन क्षण गप्प होता. मग अंधारात एक लहानसा टक् आवाज ऐकू आला, बटणाचा. आणि सूर आला. काळी दोन. आले मुकाट्याने, प्रफुल्ल मनात म्हणाला. दिवे उजळले. पलीकडच्या चौथऱ्यावर कल्पिता उभी होती, पांढऱ्या लुगड्यात. ती त्याच्याकडे बघत होती. विधवेने नावाड्याकडे बघायचं नव्हतं, पाण्याकडे बघायचं होतं, पण ती त्याच्याकडेच बघत होती आणि अगदी बारीकशी मान हलवत होती. नाही, नाही. घाबरली, त्याला वाटलं. कट उघडा पडला म्हणून घाबरली. त्याने ‘दिवा’ उचलला. टाचा उचलल्या गेल्या, शीर ताठली, घशात खरवडलं, आणि गंधार लागला, आणि त्याने तो धरून ठेवला, ठरल्यापेक्षा दुप्पट वेळ. बसलेल्यांतून ‘वा’ आलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्याला ते ‘वा’ खरं वाटलं.

मग तिचा अंतरा आला. ‘दार तुझेही, दिवा तुझाही, तूच का रे परका.’ तीच चाल, तीच चढण, बाईच्या गळ्याला आणखी उंच. ‘दार तुझेही’ तिने सावकाश घेतलं. ‘दिवा’वर ती वर गेली, आणि आवाज मधूनच फाटला. ओलं कापड टराटर फाटावं तसा. आधी खरखर झाली, आणि मग नुसता वारा. ओठ हलत होते, त्यातून काही येत नव्हतं. साईनाथकाका थांबले नाहीत. त्यांनी तीच ओळ पुन्हा वाजवून तिला वाट करून दिली. तिने पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा वारा. कोरसातली एक मुलगी भांबावून हसली. कल्पिताने हात गळ्यावर ठेवला, कुणी मारल्यावर ठेवावा तसा, आणि ती चौथऱ्यावरून उतरून विंगेत गेली. प्रफुल्ल तिथेच, वल्ह्याची काठी हातात धरून उभा राहिला. आणि त्या वेळी त्याच्या छातीत काहीतरी मोकळं झालं. सुखासारखं. त्याने ते नीट बघितलं नाही.

निशा त्याला मागच्या खोलीत घेऊन गेली. दार लावलं. हातातली उघडी वही तशीच धरून तिने विचारलं, “तुम्ही पट्टी का बदललीत?” “मी बदलली? तुम्ही उतरवली होतीत. मला न सांगता,” तो म्हणाला. “माझा आवाज गेलाय तर तोंडावर सांगा ना. लहान पोरासारखं कशाला…” “तुमचा?” निशा म्हणाली. “तुमचा आवाज कुठे गेलाय? कल्पितासाठी उतरवली होती, दादा. तिच्या स्वरतंतूवर गाठ आलीय. डॉक्टरांनी गाऊ नका म्हटलंय. काकांनी अर्धा स्वर उतरवून दिला म्हणून ती कशीबशी निभावत होती. दहा दिवसांचाच तर प्रश्न होता.” “मग मला सांगायला काय झालं होतं?” तो ओरडला. निशाने वही मिटली. “तुम्हालाच सांगू नका म्हणाली. विठ्ठलरावांच्या वेळी तुम्ही काय बोललात ते तिच्या डोक्यात होतं.”

त्याला आठवायला वेळ लागला. विठ्ठलराव म्हणजे संस्थेचे जुने नट, तीन वर्षांपूर्वी त्यांचा सूर घसरायला लागला होता. एकदा चहा पिताना प्रफुल्ल सगळ्यांसमोर बोलून गेला होता, “गळा गेला की माणसाने आपण होऊन उतरावं, दुसऱ्यावर सांगायची पाळी आणू नये.” विठ्ठलराव हसले होते. पुढच्या आठवड्यापासून आले नाहीत. प्रफुल्लने ते फारसं मनावर घेतलं नव्हतं. एक वाक्य, चहाबरोबरचं. पण हॉल ज्याचा, त्याच्या तोंडचं वाक्य. आपण जितका त्यांचा अंदाज घेत होतो, तितकेच हे लोक बावीस वर्षं आपला अंदाज घेत होते, हे त्या बंद खोलीत त्याला पहिल्यांदा जाणवलं. “मला ठाऊक नव्हतं,” तो म्हणाला. “असेल,” निशा म्हणाली. त्या ‘असेल’मधला अविश्वास त्याला ओळखू आला, तो त्याच्याच ‘असेल साड्यांचं’मधला होता. बाहेर साईनाथकाका कीबोर्डची वायर गुंडाळत होते. तो समोर गेला, म्हणाला, “काका, खरंच मला माहीत नव्हतं.” त्यांनी मान वर न करता म्हटलं, “नसणारच, प्रफुल्लराव.” आवाज अगदी सभ्य होता.

गाठीतून रक्त आलं होतं. सहा आठवडे पूर्ण मौन, कुजबुजसुद्धा करायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. कल्पिताचं काम कृतिका नावाच्या कोरसातल्या मुलीला दिलं गेलं. तालमी पुन्हा सुरू झाल्या. सगळे त्याच्याशी पूर्वीइतकंच नीट वागत होते, पण तो गायला उभा राहिला की खोलीत एक बारीक थांबणं यायचं. जिन्यात त्याने एका मुलीला बोलताना ऐकलं, “अरे, त्यांना कळलं असणार. म्हणून तर इअरफोन लावून आलेले.” आता त्याच्याजवळ काही पुरावा नव्हता. आपल्याला एखादी गोष्ट ठाऊक नव्हती, हे कसं दाखवायचं? रसिकाने एकदा जेवताना विचारलं, “अहो, खरं सांगा, तुम्हाला संशय तरी आला होता का तिचा?” तो ताटावरून उठला.

रंगीत तालमीनंतर चौथ्या दिवशी कचेरीतून तो थेट कल्याणला गेला. पारनाक्याजवळ दुसऱ्या मजल्यावर तिचं घर होतं. दार सासूबाईंनी उघडलं. “बोलायचं नाहीये तिला, पण ऐकायला येतं,” त्या म्हणाल्या आणि आतल्या खोलीत गेल्या. कल्पिता खिडकीपाशी शाळेच्या वह्या तपासत बसली होती. त्याला बघून तिने पेन खाली ठेवलं, समोरच्या खुर्चीकडे हात केला. तो बसला. येताना त्याने वाक्यं तयार केली होती, ती सगळी तो बोलला. पट्टीचं, सूर मोजायच्या अॅपचं, दाराबाहेर ऐकलेल्या निशाच्या वाक्याचं. मला वाटलं सगळं माझ्याविरुद्ध चाललंय, असंही म्हणाला. ती ऐकत होती. चेहऱ्यावर काही नव्हतं. बोलणारं माणूस ‘हं’ म्हणतं, ‘बरं’ म्हणतं, त्यावरून आपण पुढची पायरी टाकतो. इथे पायरीच नव्हती. तो जास्तच बोलत गेला. मग तिने मोबाईल उचलला, टाइप केलं, आणि स्क्रीन त्याच्याकडे वळवली. ‘मी मान हलवत होते. तुम्ही बघितलंत.’

“बघितलं,” तो म्हणाला. “मला वाटलं, तुम्ही पकडल्या गेलात म्हणून घाबरलात.”

तिने पुन्हा टाइप केलं. ‘सगळे म्हणतात तुम्ही मुद्दाम केलंत. मी म्हटलं, नाही. खरं काय ते तुम्ही सांगा.’

“मला ठाऊक नव्हतं. देवाची शपथ.” तो थांबला. हे खरंच होतं, आणि इथेच उठता आलं असतं. ती त्याच्या बाजूने उभी राहिली होती, एकटी, आवाज नसताना. खालून भाजीवाल्याची हाक आली. त्याला चौथऱ्यासमोर उभा असलेला स्वतः दिसला, काठी हातात, आणि छातीत ते मोकळं झालेलं. चार दिवस तो त्याकडे पाठ करून फिरत होता. “पण एक आहे,” तो म्हणाला. आवाज खाली गेला होता. “तुमचा आवाज फाटला ना, तेव्हा… क्षणभर मला बरं वाटलं.”

वहीची पानं पंख्याने फडफडत होती, तिने त्यांवर तळवा ठेवला. मग एका हाताने मोबाईलवर एकच शब्द लिहिला आणि तो टेबलावरून त्याच्याकडे सरकवला.

‘क्षणभरच?’

त्याने तो शब्द वाचला. ‘हो’ म्हणणं सोपं होतं, ते जिभेवरही होतं. थोड्या वेळाने स्क्रीन अंधारली. कल्पिताने बोट लावून ती पुन्हा उजळली, आणि तो शब्द त्याच्यासमोर तसाच ठेवला.

“नाही,” प्रफुल्ल म्हणाला.

तिने मान डोलावली. मोबाईल उचलून कडेला पालथा ठेवला, पेन घेतलं, आणि पुढची वही उघडली. तो बसून राहिला. तिने त्याला जायला सांगितलं नाही. लाल पेनाची कागदावरची खरखर तेवढी ऐकू येत होती, आणि बऱ्याच वेळाने त्याच्या लक्षात आलं, की तिच्या डोक्यात या वेळी काय चाललं असेल याचा तो अंदाज करत नाहीये.